शटर असलेलं चर्च

रविवारची उपासना संपली की आमची मंडळी लगेच घरी जात नाही. बाहेर लिंबाच्या झाडाखाली चहा होतो आणि प्रत्येकाला काहीतरी सांगायचं असतं. प्रवचन सोमवारपर्यंत निम्मं विसरलेलं असतं. लिंबाखालचं मात्र कुणी विसरत नाही, उलट दर आठवड्याला त्यात थोडी भरच पडते. मला इथं येऊन वर्ष होत आलं. आता कुणी विचारलं, 'तुमचं चर्च कसं आहे गं?', तर मी उत्तर देत नाही. 'बसा' म्हणते.

तर बसा.

पाचवीपासून मी घराबाहेर. शाळा तमिळनाडूतल्या डोंगरात, हॉस्टेलवर. कॉलेज बंगळुरूला. विज्ञान शिकले आणि ठरवलं, शिकवायचं तर आपल्या भागातल्या लेकरांना. मैत्रिणी म्हणाल्या, "रूथ, दिवाळीच्या आत परत येशील." मी म्हटलं, बघाच.

बाबा आयुष्यभर नगरकडच्या एका जुन्या मिशन दवाखान्यात कंपाउंडर होते. आईचं माहेर इथून जवळचं डोंगरकडा गाव, म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी वसमतच्या बाहेर नव्या प्लॉटिंगमध्ये घर बांधलं. नगरकडं दगडी चर्च होतं, उंच घंटाघर होतं, खिडक्यांना रंगीत काचा होत्या. इथं तसलं काही नव्हतं. म्हणून बाबा कुठंच जात नव्हते.

पण रविवार त्यांनी सोडला नव्हता. आल्यावर पहिल्याच रविवारी मी बघितलं. बाबांनी दाढी केली. पांढरा शर्ट घातला, बुटांना पॉलिश केलं, बूट घातले आणि हॉलमधल्या खुर्चीत खिडकीकडं तोंड करून बसले. स्वतःच गीत म्हटलं, स्वतःच शास्त्र, म्हणजे बायबल, वाचलं, स्वतःच प्रार्थना केली. स्वयंपाकघरातून आई तेवढं 'आमेन' म्हणायची. सगळं झाल्यावर बाबांनी बूट काढले आणि खोक्यात ठेवून दिले.

मला ते बघवलं नाही. माणूस बूट घालतो ते कुठंतरी जायला. देव सगळीकडे असतो हे मला लहानपणापासून पाठ आहे, पण चार माणसांत बसून गाण्याची सवय असलेल्या माणसानं एकट्यानं भिंतीला गाणं ऐकवावं, हे देवालाही आवडत नसणार. त्याच दिवशी मी ठरवलं. ह्या गावात चर्च शोधायचं आणि बाबांना त्यात नेऊन बसवायचं.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "शोधशील गं. बसवणार कशी?"

*

पुढच्या रविवारी मोबाईलच्या नकाशानं मला एका कापसाच्या जिनिंगच्या मागच्या भिंतीपाशी नेऊन सोडलं. तिथून रिक्षा केली.

"चर्चला चला."

रिक्षावाल्यानं डोकं खाजवलं. "मॅडम, पत्ता मलाबी ठाऊक न्हाई. पण रविवारी सकाळी पांढरे कपडे घालून जातेत अन् दुपारी पिवळे होऊन येतेत, त्या लोकायचं हाय ना? एखादं दिसलं की त्याच्या मागं जाऊ."

पुढच्याच वळणावर पांढऱ्या पातळातली एक म्हातारी दिसली. बगलेत कापडात बांधलेलं शास्त्र. रिक्षावाल्यानं रिक्षा तिच्या मागं अगदी हळू लावली. थोडं अंतर गेल्यावर ती थांबली आणि वळली.

"काहून मागं लागलास रं? बसा म्हण की."

आणि बसली. ह्या शांताआत्या. आमच्या मंडळीत वयानं आणि आवाजानं सगळ्यांत मोठ्या. पत्ता शोधायला निघालेल्या मला पत्ताच शेजारी येऊन बसलेला मिळाला.

रिक्षा थांबली ती एका हळदीच्या गोदामासमोर. शटर अर्धं वर. आतून ढोलकीचा आवाज. आत्या वाकून आत गेल्या. दारात एक गृहस्थ उभे होते. पांढरा कुर्ता, पांढरी दाढी, हातात किल्ल्या. येणारा प्रत्येकजण त्यांना 'सलाम' म्हणत होता आणि तेही हसून 'सलाम' म्हणत होते. आम्हा ख्रिस्ती लोकांत एकमेकांना सलाम म्हणायची जुनी रीत आहे. मी ओळखलं, हेच पाळक.

मी सलाम केला आणि सगळं सांगून टाकलं. हॉस्टेल, बंगळुरू, मला परत यायची हाक कशी ऐकू आली, बाबांचे बूट, खिडकी. सांगता सांगता माझे डोळे भरले. ते मान हलवत मन लावून ऐकत होते. शेवटी मी म्हटलं, "मला ह्या मंडळीची सभासद करून घ्या."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बेटी, लई अच्छं केलं. आई-बापासाठी वापस आली, खुदा बरकत देईन. पण मी तर कुलूप उघडायला आलतो. पास्टरसाब आत झाडू मारून राहिलेत."

ते रौफ चाचा. हळदीचे आडते. गोदाम त्यांचं.

*

आत झाडू मारणारे पास्टर शिंदे आठवडाभर टेलर असतात. त्या दिवशी ते प्रवचनाला उभे राहिले तेव्हा गळ्यात पिवळी पट्टी होती. मला वाटलं, पाळकांचा काही खास पट्टा असेल. जवळून बघितलं तर मापाची टेप. घाईत काढायची राहिलेली.

गोदामात एका बाजूला पोती, दुसऱ्या बाजूला आम्ही. पोत्यांवर फळी टाकून त्यावर शास्त्र. कुणी हात वर करून गायला लागलं की वरच्या वाशावरची हळद खाली येते. भक्ती जितकी जास्त तितके कपडे पिवळे. नवीन माणूस शिंकतो. जुनी मंडळी शिंकत नाही.

पास्टरांचं प्रवचन चांगलं असतं, फक्त संपत नाही. एका रविवारी ट्रक आला. पोती भरायची होती आणि पास्टर ऐन रंगात. बाहेर हमाल खोळंबले. पास्टरांनी शटरकडं बघून म्हटलं, "रौफभाई, फक्त शेवटचा मुद्दा."

रौफ चाचा बाहेरूनच म्हणाले, "आरामशीर होऊ द्या पास्टरसाब. ट्रकला मी थांबवतो. पण शेवटचा मुद्दा मघाशीबी झालता."

प्रवचन तिथंच संपलं. मग सगळ्या मंडळीनं मिळून पोती ट्रकपर्यंत ढकलली आणि समारोपाचं गीत ट्रकच्या मागं उभं राहून म्हटलं. ड्रायव्हरनं गाणं संपेपर्यंत इंजिन चालू केलं नाही.

*

मी हे सगळं घरी येऊन बाबांना मोठ्या उत्साहानं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मग चौकशी सुरू झाली.

"घंटा आहे?"

"नाही."

"मग लोकांना कळतं कसं?"

"रौफ चाचा शटर वर करतात. तो आवाज पार बसस्टँडपर्यंत जातो."

बाबांनी चष्मा काढून पुसला. "चर्चला शटर असतं का कधी?"

आई आतून म्हणाली, "तुमच्या खिडकीला तरी कुठं घंटा हाय?"

"तू पण जा मग तिच्याबरोबर."

"तुमाला एकट्याला टाकून कशी जाऊ? आमेन कोण म्हणल?"



*

माझा उत्साहही बाबांच्या हट्टापेक्षा काही कमी नव्हता. बंगळुरूच्या आमच्या चर्चमध्ये मौन प्रार्थना असायची. दिवे मंद, सगळे डोळे मिटून गप्प, आणि त्या शांततेत मला नेहमी देव अगदी शेजारी येऊन बसल्यासारखा वाटायचा. मी पास्टरांना म्हटलं, आपणही करू. ते तयार झाले. पुढच्या रविवारी मी सगळ्यांना समजावून सांगितलं, "आता कुणीही बोलायचं नाही. मनातल्या मनात देवाशी बोलायचं."

सगळ्यांनी डोळे मिटले. थोडा वेळ खरंच शांतता होती. मग कुणीतरी खाकरलं. ढोलकीवाल्याची बोटं आपोआप ढोलकीवर गेली आणि त्यानं ती मागं ओढली. मी एक डोळा किलकिला केला तर अर्धी मंडळी माझ्याकडेच काळजीनं बघत होती.

शेवटी शांताआत्यांना राहवलं नाही. त्या उभ्या राहिल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "देवा, ह्या लेकराला काय झालंय ते तूच बघ बाबा. लई दिवस बाहेर राहिली, माणसाला बोलूच देईना."

सगळी मंडळी एका सुरात 'आमेन' म्हणाली. त्यात पास्टरांचाही आवाज होता.

*

मग मी पास्टरांनाच घरी बोलावलं. म्हटलं, डोंगराकडं माणूस जात नसेल तर डोंगर घरी आणू. बाबा तयारीतच होते. 'किती शिकलात, कुठं शिकलात, वेदीशिवाय उपासना कशी करता' असे प्रश्न त्यांनी मनात मांडून ठेवले होते. पास्टर आले, सलाम झाला, चहा आला. बाबांनी पहिला प्रश्न विचारायला तोंड उघडलं तर पास्टर त्यांच्या मानेकडं टक लावून बघत होते.

"साहेब, कॉलर झिजलीय. उलटी करून देऊ का? शर्ट नव्यासारखा होईल."

बाबांना राग आला. "तुम्ही माझ्या आत्म्याची चौकशी करायला आलात का शर्टाची?"

पास्टर सरळ म्हणाले, "आत्मा मला दिसत न्हाई साहेब. कॉलर दिसते."

पास्टर गेल्यावर बाबा आत गेले, शर्ट बदलून आले आणि तो शर्ट घडी करून माझ्या हातात दिला. "त्यांना म्हणावं, टाके बारीक घाला."

मी आईला म्हटलं, "शर्ट तरी गेला चर्चला."

आई म्हणाली, "शर्टातला माणूस घरातच हाय अजून."

*

नाताळाच्या आधी आम्ही घरोघरी गीतं म्हणत फिरतो. म्हणजे ख्रिस्ती घरांपुढं. आमच्या प्लॉटिंगमध्ये ख्रिस्ती घर एकच, आमचं. मधल्या सगळ्या दारांपुढून आम्ही ढोलकी बंद करून चाललो होतो. तेवढ्यात शेजारच्या कुलकर्णी काकूंनी फाटक उघडलं. काकूंचे यजमान महादेवाच्या देवळात पूजा सांगतात.

"काय हो, आमच्या दारावरून मुकाट्यानं चाललात. आमचं काही चुकलं का?"

पास्टर गडबडले. "न्हाई काकू, म्हटलं तुमाला तकलीफ नको."

"तकलीफ कसली? बाळ जन्माला आलं तर शेजाऱ्यांना सांगायचं नाही का?"

मग आम्ही काकूंच्या अंगणात म्हटलं. संपल्यावर काकू आत जाऊन आल्या. "सासूबाई म्हणतात, तिसरं कडवं परत म्हणा. त्यांना चाल येत चाललीय." परत म्हटलं. तोवर समोरच्या घरातून आवाज आला, "आमच्याकडं कधी?" त्या संध्याकाळी आम्ही सगळ्या प्लॉटिंगमध्ये गायलो आणि ढोलकीवाल्याचे हात सुजले.

मग आमच्या घरापाशी पोचलो. आत दिवा होता. दार बंद, खिडकी उघडी. आम्ही जीव तोडून गायलो. गीत संपलं. मग खिडकीतून बाबांचा आवाज आला.

"दुसऱ्या कडव्याला घाई केली."

शांताआत्या खिडकीला म्हणाल्या, "मग या की कंपाउंडरसाहेब बाहेर. तुमी धरा ठेका."

आत हालचाल झाली. भांड्याचा आवाज झाला. मला वाटलं, दार उघडणार. पण बाबा करंज्यांचं ताट घेऊन खिडकीतच आले. ताट गजांतून बाहेर निघेना, म्हणून त्यांनी गजांमधून एकेक करंजी प्रत्येकाच्या हातात दिली. प्रत्येकाला सलाम म्हटलं. मला पण दिली, मला पण सलाम म्हटलं. दार काही उघडलं नाही.

लिंबाखाली अजून लोक सांगतात की नाताळात देवदूत मेंढपाळांकडं आले आणि करंज्या खिडकीतून आल्या.

*

आता हा किस्सा पीकसणाचा.

नवी हळद वाळून गोदामात यायच्या आधीचा रविवार आमचा पीकसण. ज्याच्याकडं जे पहिलं आलं ते तो आणतो. वांगी, भोपळे, गूळ, अंडी, शेतातली ओली हळद. सगळं टेबलावर मांडायचं, प्रार्थना करायची आणि मग त्याची हर्राशी, म्हणजे लिलाव. आणि रीत अशी की बोली जिंकलेला माणूस बहुतेक वेळा वस्तू घरी नेत नाही. पैसे देतो, वस्तू परत टेबलावर ठेवतो आणि ती पुन्हा बोलीला लागते.

बोली पुकारायला पास्टरांनी रौफ चाचांना उभं केलं होतं. असा आवाज साऱ्या मार्केट यार्डात नाही. शांताआत्यांची कोंबडी एकामागून एक मालक बदलत राहिली. शेवटी वैतागून तिनं टेबलावरच अंडं घातलं. चाचांनी ते उचलून सगळ्यांना दाखवलं. "नवीन आवक."

मला हसू येत होतं, पण माझं लक्ष मागं बायकांच्या सतरंजीवर होतं. तिथं आई बसली होती. त्या सकाळी पहिल्यांदा ती माझ्याबरोबर आली होती, आणि पदराखाली टोपली होती. टोपलीत पपई.

ही पपई साधी नव्हती. बाबांनी घरामागं स्वतःच्या हातानं लावलेल्या झाडाचं हे पहिलं फळ. पाखरांनी टोचू नये म्हणून त्याला जुनं बनियन गुंडाळलेलं. बाबा सकाळ-संध्याकाळ जाऊन त्याला बोटानं दाबून बघायचे आणि म्हणायचे, "सोमवारी उतरवू." आईनं ते रविवारीच उतरवलं. बाबा बूट घालून गीत म्हणत असताना आम्ही दोघी मागच्या दारानं निघालो होतो.

"आई, बाबा काय म्हणतील?"

"पहिलं फळ देवाचं. त्यायनीच शिकवलंय मला."

घरी पुढं काय झालं ते मला नंतर कुलकर्णी काकूंनी सांगितलं, त्यांच्या ओट्यावर सगळं ऐकू येतं. बाबांनी प्रार्थना संपवली आणि थांबले. आमेन आलं नाही. त्यांनी शेवटचं वाक्य पुन्हा, जरा मोठ्यानं म्हटलं. तरी आलं नाही. मग ते स्वयंपाकघरात गेले, तिथून मागच्या अंगणात गेले, आणि झाडावर नुसतं बनियन लटकलेलं त्यांनी बघितलं. काकू कुंपणावरून म्हणाल्या, "मायलेकी गोदामाकडं गेल्यात. टोपली होती."

इकडं आईनं पपई टेबलावर ठेवली होती आणि रौफ चाचांनी ती नुकतीच उचलली होती. "बघा, काय माल हाय. बोला."

"ती पपई माझी आहे."

सगळ्यांनी वळून बघितलं. अर्ध्या शटरखालून फक्त पॉलिश केलेले बूट आणि पांढऱ्या पँटच्या कडा दिसत होत्या. आवाज ओळखायला मला शटर वर करायची गरज नव्हती.

चाचा अगदी नरमाईनं म्हणाले, "साहेब, माल टेबलावर आला की देवाचा. पायजे असंल तर बोली लावा."

बूट जागच्या जागी हलले. मग बाबांनी बाहेरूनच बोली लावली.

"बाहेरची बोली धरत न्हाईत," शांताआत्या म्हणाल्या. "आत येऊन बसावं लागतं."

असा नियम आमच्याकडं कधीच नव्हता. पास्टर शिंदे गळ्यातल्या टेपशी चाळा करत छताकडं बघत राहिले. कुणीतरी गुपचूप एक खुर्ची पुढं सरकवली.

शटरखालून आत यायचं तर वाकावं लागतं. बाबा वाकले. आत आले. इकडंतिकडं न बघता खुर्चीत ताठ बसले आणि बोली पुन्हा लावली.

मागून दुसरी बोली आली. त्यांच्याहून वरची. बाबांनी मान वळवली. आई होती.

"अगं, मी बोलतोय."

"मीबी बोलून राहिले."

बाबांनी बोली वाढवली. आईनं वाढवली. बाबांनी वाढवली. आईनं पुन्हा वाढवली. मंडळी तोंडाला पदर आणि रुमाल लावून बसली होती. चाचांनी पपई दोघांच्या मध्ये धरून विचारलं, "भाबी, दोघायचा खिसा एकच हाय ना?"

"म्हणून तर भ्याव न्हाई," आई म्हणाली.

बाबांनी दात-ओठ खाऊन आणखी एक बोली लावली. ह्या वेळी आई गप्प बसली. चाचांनी एक वार, दोन वार, तीन वार पुकारलं आणि पपई बाबांच्या मांडीवर आणून ठेवली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळ्यांना ठाऊक होतं, हा माणूस पपईसाठी आला होता आणि पपई त्याला मिळाली होती.

बाबा उठले.

मी शटरकडं बघितलं. मागं आईनं रिकामी टोपली घट्ट धरली होती.

बाबा टेबलापाशी गेले. खिशातून रुमाल काढून पपईवरची हळद नीट पुसली आणि ती कोंबडीच्या शेजारी ठेवली. मग परत येऊन त्याच खुर्चीत बसले, कॉलर सारखी केली आणि म्हणाले, "रौफभाई, आता सुरुवात जरा वरून करा."